लाखोरी : एका डाळीची हकीकत



यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी ‘इतिहासाचे’ लिहावे असे ठरले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मी सातवीपर्यंत शिकलेली. राजेरजवाड्यांवर लिहायला मंडळात माझ्याहून शिकल्यासवरलेल्या पुष्कळजणी आहेत. मग मनात आले, आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही इतिहास असतोच की! त्यांतल्या एका डब्याची हकीकत मला सांगता येईल. काही आजीकडून ऐकलेली, काही मुलाच्या पुस्तकांतून कळलेली. मुलगा कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याने पुस्तकातला इंग्रजी मजकूर मराठीत सांगावा आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकावा, असा हा माझा अभ्यास.

डाळीचे नाव लाखोरी. कोणी लाख म्हणतात, कोणी लाखोळी. हिंदी मुलखात तिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात. माझे माहेर भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या मुलखातले. तिकडच्या मैत्रिणींना लाखोरी सांगायला नको. धान कापणीला दोन-तीन आठवडे राहिले, की उभ्या धानातच ओल्या बांधीत लाखोरीचे दाणे फेकून देतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान निघाले की खाली हिरवीगार लाखोरी उभी! निळसर फुले येतात, कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. दाणा तिकोनी, जणू कोणी कुऱ्हाडीने छाटलेला. डाळ दिसायला तुरीसारखी, आणि म्हणूनच तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ करणाऱ्यांचे फावले. पाऊस कमी पडो की जास्त, सगळे पीक बुडाले तरी लाखोरी बुडत नाही. गरिबाला याहून मोठा आधार कोणता? पण नेमक्या याच गुणाने तिने हजारो माणसांचे पाय नेले.

आमच्या माहेरी एक म्हातारा सालगडी होता. गुडघे वाकवून, टाचा उचलून, चवड्यांवर चालायचा. पाय एकमेकांत कैचीसारखे अडकायचे, म्हणून दोन्ही हातांत काठ्या. हात मात्र बळकट, बोलणे खणखणीत, आणि हिशेबात तर मामालाही चुकवील असा. आम्ही पोरे त्याच्या मागून तसेच चवड्यांवर चालत जायचो आणि ‘कोंबडा आला, कोंबडा आला’ म्हणून ओरडायचो. तो हसायचा. मला वाटायचे, जन्मापासूनच असा असेल. त्याचे पुढे सांगते.

ही व्यथा फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात या धान्याला त्रिपुट म्हटले आहे, आणि त्याने माणूस लंगडा-पांगळा होतो असे स्पष्ट लिहिले आहे. इंग्रजी अमदानीत ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमनसाहेब आपल्याला ऐकून माहीत असतो. त्याने सागरजवळच्या एका गावाची हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली तिथला गहू गारपिटीने गेला, १८३० साली पाऊस वेळेवर आला नाही, १८३१ साली तांबेरा पडला. तिन्ही वर्षे तिवडा मात्र जोरात. गव्हाच्या शेतांत तिवडाच माजला, तोच लोकांनी भरून घेतला आणि तोच खाल्ला. १८३३ साली फळ दिसू लागले. तिशीच्या आतली धडधाकट मुले-मुली अचानक कमरेखाली लुळावू लागली. दोन वर्षांत गावातली निम्मी तरुण पिढी अशी झाली. पुढे १८५७ च्या सुमारास अलाहाबाद जिल्ह्यात अर्व्हिंग नावाच्या डॉक्टरने एका परगण्यात मोजदाद केली, तर दोन हजारांवर पांगळी माणसे निघाली!

आपला भंडारा-नागपूरचा भाग तेव्हा मध्यप्रांतात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन भयंकर दुष्काळ या प्रांताने सोसले. त्या काळात हा रोग इतका वाढला, की सरकारने ब्युकॅनन नावाच्या डॉक्टरकडून त्यावर अहवाल करवला, आणि तो १९०४ साली आपल्या नागपुरासच छापला गेला. मुलाने हे सांगितले तेव्हा माझा लाटण्यावरचा हात थांबला. म्हणजे शंभर वर्षांहून आधीच सरकारदरबारी सारे लिहून ठेवलेले होते.

कोणाला वाटेल, हे आपल्याच देशाचे दुर्दैव. तसे नाही. स्पेन देशात १८११-१२ साली माद्रिद शहरात दुष्काळ पडला, तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठाची लापशी खाऊन जगले. गोया या प्रसिद्ध चित्रकाराने त्यावर चित्र काढले आहे. मुलाने ते मला दाखवले. एक माणूस लापशी वाटतो आहे, भोवती भुकेली माणसे, आणि पुढे एक बाई जमिनीवर पडलेली. तिला उठताच येत नाही. चित्राला नाव काय, तर लाखोरीचे आभार मानणारे! मला ते नाव आधी क्रूर वाटले. मग वाटले, खरेच आहे, आभारच. तिच्यामुळे ती बाई जिवंत तरी होती.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट तर याहून वाईट. १९४२ साली रुमानियाच्या ताब्यातल्या मुलखात, वाप्नियार्का नावाच्या छावणीत, हजारावर ज्यू कैद्यांना जनावरांसाठी ठेवलेली ही लाखोरी रोज खायला घातली. थोड्याच महिन्यांत शेकडो कैद्यांचे पाय कडक होऊ लागले. कैद्यांतच केसलर नावाचा डॉक्टर होता. त्याने ओळखले, की हा दोष या दाण्याचा. कैद्यांनी ते अन्न नाकारले. उपाशी कैद्याने पुढ्यातले ताट दूर सारायचे, याला किती धैर्य लागत असेल! शेवटी ते अन्न बंद झाले, पण ज्यांचे पाय गेले ते गेलेच.

आता हे विष शरीरात करते काय? आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवणारा एक पदार्थ असतो, त्याला ग्लुटामेट म्हणतात. लाखोरीतले विष त्याच्यासारखेच दिसते. तंतूला वाटते निरोपच आला, आणि तो जागा होतो. दारावरची कडी कोणी रात्रंदिवस वाजवतच राहिले तर घरातले माणूस जसे थकून पडेल, तसे हे तंतू थकून मरतात. सगळ्यांत आधी मरतात ते पायांना हुकूम नेणारे, लांबच लांब तंतू. म्हणून पाय जातात आणि हात, वाचा, बुद्धी शाबूत राहते. पोलिओत पाय लुळा पडतो आणि वाळतो. इथे तसे होत नाही, पाय ताठ आणि कडक होतो. त्याला स्पर्श कळतो, चिमटा काढला तर दुखते. पुष्कळ रोगी सांगतात, की रात्री चांगले झोपलो आणि सकाळी उठून पाहतो तो पाय ऐकेनात. कोणाला काठी लागत नाही, कोणाला एक लागते, कोणाला दोन, आणि काही जण बसूनच सरकतात. हा रोग जीव घेत नाही. पण एकदा गेलेले पाय परत देणारे औषध आजही नाही.

हे विष कोणते, ते आपल्याच देशात सापडले. १९६४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत राव, अडिगा आणि सरमा या शास्त्रज्ञांनी ते दाण्यातून वेगळे काढले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, नाहीतर माझ्या लेखाने उगीच घबराट व्हायची. चार दिवस लाखोरीचे वरण खाल्ले म्हणून कोणी पांगळे होत नाही. दोन-तीन महिने, रोज, पोटात जाणाऱ्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोरीच असेल, तेव्हा धोका. सोबत भात, पोळी, भाजीपाला असेल तर तो पुष्कळ कमी होतो. आणि विष पाण्यात विरघळणारे आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले, की विषाचा बराच मोठा भाग त्याबरोबर जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही हीच रीत सांगितली. माझ्या आजीला संस्था ठाऊक नव्हती, पण ती लाखोरीचे पहिले पाणी नेहमी उकिरड्यावर ओतायची. गुरांच्या गव्हाणीतसुद्धा नाही.

पण उकळायला सरपण हवे, पाणी हवे, आणि पाण्याबरोबर गेलेला डाळीचा कस दुसरीकडून भरून यायला हवा. ज्याच्या घरी मूठभर पीठच आहे, तो ते मळून भाकरी थापतो आणि खातो. म्हणून ज्याच्या चुलीवर दुसरे काही शिजत होते त्याला लाखोरी बाधली नाही. रीवा संस्थानाच्या भागात शेतमजुरांना मजुरीच लाखोरीत मिळायची आणि मालक स्वतः गहू खायचा. पांगळे कोण झाले असतील, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

आणखी एक नवल. हा रोग बायकांपेक्षा तरुण पुरुषांना जास्त होतो असे ठिकठिकाणी आढळले आहे. डॉक्टर त्याची कारणे आपापल्या परीने देतात. मला आपले वाटते, बाईने सगळ्यांच्या मागून जेवायचे आणि उरलेसुरले खायचे, या रीतीचा आम्हा बायकांना जन्मात एकदाच फायदा झाला असेल तर तो इथे! मुलगा म्हणाला, “आई, हे शास्त्र नाही.” नसेल. पण मी लिहिणारच.

१९६१ साली अन्नभेसळीच्या कायद्याखाली लाखोरी विकायला बंदी आली. दुकानात विकू नये, एवढाच त्याचा अर्थ. पेरायला मनाई नव्हती, आणि पश्चिम बंगालसारख्या काही राज्यांनी बंदी मानलीच नाही. ज्याला लाखोरी बाधत होती तो ती दुकानातून विकत घेत नव्हताच. तो ती शेतातून आणत होता, नाहीतर मालकाच्या खळ्यावरून. मला या बंदीचे हसू येते आणि रागही येतो. रोग पुढे कमी झाला तो मजुरी पैशांत मिळू लागली, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, म्हणून.

२००८ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती ही बंदी उठवली. दरम्यान शास्त्रज्ञांनी कमी विषाची वाणे काढली. रतन, प्रतीक आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाची महातिवडा ही त्यांतली नावे. २०१६ च्या सुरुवातीला दिल्लीच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही या वाणांच्या बाजूने मत दिले. त्यावर डॉक्टर मंडळींत खूप वाद झाला. माझ्या मते बियाणे सुधारले ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त शेतकऱ्याने जुने घरचे बी आणि नवे बी एकत्र केले, तर वरणातल्या डाळीवर तिचे नाव लिहिलेले नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता आमच्या सालगड्याचे. एकदा आजीने मला त्याच्या मागे चवड्यांवर नाचताना पाहिले आणि फाडकन थोबाडीत मारली. त्याआधी तिने मला कधी बोटही लावले नव्हते. मी रडत बसले, तेव्हा संध्याकाळी तिने जवळ घेऊन सांगितले. आजी लग्न होऊन या घरात आली त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर धान बुडाले. तेव्हा हा विशीतला पोऱ्या, नुकताच साल धरलेला. सालाचे धान ठरले होते, पण धान होते कुठे? जे होते ते घरच्यांना हवे होते. मग आजोबांनी त्याला पायलीला पायली लाखोरी मोजून दिली. एकटा जीव, घरी रांधणारे कोणी नाही. पीठ करून तो भाकऱ्या थापायचा आणि मिरची घेऊन खायचा. सबंध हिवाळा नि उन्हाळा त्याने असाच काढला. पावसाळ्यात चिखलणीला बैल जुंपले, आणि दोन तासांनी तो बांधीत खाली बसला तो बसलाच.

आजी म्हणाली, “आपल्या घरात पाणी ओतून शिजवत होते मी. त्याला सांगायचे सुचले नाही.”

आजोबांनी त्याला पुढे जन्मभर सांभाळले, बसून होणारे काम दिले, हिशेब दिला. गावात त्याबद्दल आजोबांचे कौतुक व्हायचे. कौतुक सुरू झाले की आजी उठून आत जायची. तो वारला त्या वर्षापासून आमच्या माहेरच्या बांधीत लाखोरी पेरली नाही, मामाने हरभरा लावला. आजी गेल्यावर तिच्या फळीवरचा लाखोरीचा पितळी डबा मामीने मला दिला. मी त्यात तुरीची डाळ ठेवते. दर वेळी डाळ आणली, की भरण्याआधी ताटात पसरून त्यात तिकोनी दाणे आहेत का ते बघते.