देवीच्या वाटेवरचें चित्रगृह

बुलढाणा जिल्ह्यांतील अमडापूर येथें मीं पुष्कळ वर्षें मुलांना चित्रकला शिकविली. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, खरें चित्र केवढें असतें?" प्रश्न बालिश वाटेल, परंतु त्यानें पाहिलेलीं चित्रें सारीं पुस्तकांत छापलेलीं, हाताच्या पंजाएवढीं! एलिमेंटरीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलानें एकही मूळ चित्र पाहिलेलें नसावें, याची मला त्या दिवशीं लाज वाटली.

तेव्हां मीं वर्गाला औंधची हकीकत सांगितली. औंध हें आजच्या सातारा जिल्ह्यांतील अवघ्या ७२ खेड्यांचें संस्थान. त्याचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. आपला चित्रसंग्रह राजवाड्यांत कोंडून न ठेवतां त्यांनीं १९३८ सालीं त्यासाठीं स्वतंत्र इमारत उभारली, आणि तीही यमाईच्या डोंगरावर. या योजनेंतील मर्म असें, कीं देवीच्या दर्शनास चढणारा शेतकरी त्याच वाटेवर चित्रांसमोरही उभा राहूं शके. तेथें राजा रविवर्मा व धुरंधर यांचीं चित्रें तर आहेतच. पण हेन्री मूर या समकालीन इंग्रज शिल्पकाराचें माता-बालकाचें पाषाणशिल्पही आहे. जुन्याबरोबर आपल्या काळांतील नवी कलाही खेड्यांत आणावी, ही दृष्टि मला फार मोलाची वाटते.

मुंबईकडे पाहा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. परंतु चित्रकारांना प्रदर्शनें भरविण्यास जहांगीर कलादालन मिळालें तें १९५२ सालीं. अर्थात् दोहोंचें कार्य निराळें, हें मान्य केलें पाहिजे. औंधास संग्रह आहे; जहांगीरच्या भिंतीवर आज एकाचीं, उद्यां दुसऱ्याचीं चित्रें लागतात, आणि नवशिक्या चित्रकारास तीच भिंत हवी असते. विदर्भांत नागपुरास १९८६ पासून दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे; पण अमडापुराहून नागपूर म्हणजे मुक्कामाचा प्रवास.

संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. संग्रहालय मात्र शासनाच्या देखरेखीखालीं आजही उघडें आहे.

औंध आम्हांस दूर. परंतु बाळासाहेबांनीं १९३२ सालीं ज्या अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अजिंठा आमच्याच डोंगररांगेंत. मुलांना मीं तेथें नेलें. लेण्यांतल्या अंधुक उजेडांत तो मुलगा कठड्याअलीकडे उभा राहून हवेंतच वितीनें भिंत मोजीत होता. सोळा वितींनंतर त्यानें मोजणें सोडून दिलें.