वारंगा फाट्यावरचं घड्याळ

रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन भरवायचं ठरलं. "साहेब, तुम्हाला घड्याळातलं कळतं, तुम्हीच बघून चिठ्ठ्या लिहा," असं म्हणून कार्यकारिणीनं सभासदांकडून आलेली अकरा मनगटी घड्याळं माझ्या टेबलावर आणून ठेवली. कळतं म्हणजे काय, तर नोकरीतली बरीच वर्षं चेकवरच्या सह्या आणि खाडाखोड बघण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर तीच नजर जुन्या घड्याळांकडे वळली. नांदेडच्या एका घडीसाजाच्या दुकानात दुपारी जाऊन बसायची सवय लागली. तिथं जे शिकलो तेवढंच माझं ज्ञान.

अकरापैकी सात घड्याळांच्या तबकड्या नंतर कधीतरी रंगवलेल्या निघाल्या. त्या सातांत एक माझंच होतं, म्हणजे माझ्या वडिलांचं.

बाकीच्या सहा घरांत हे सांगितल्यावर पहिला प्रश्न एकच आला, "म्हणजे डुप्लिकेट?" एक वहिनी तर दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनगटावरची घड्याळं बहुतेक स्वित्झर्लंडची, पण ती आली मुंबईमार्गे. फेवर ल्युबा ही स्विस पेढी 1865 पासून मुंबईत. त्यांची 'सी किंग' आणि 'सी चीफ' ही घड्याळं 1960-70 च्या काळात लग्नात जावयाला देण्याची. (हीच कंपनी 2011 मध्ये आपल्या टायटननं विकत घेतली होती, काळाचा महिमा!) दुसरी वेस्ट एंड वॉच कंपनी. नाव लंडनच्या एका भागाचं, मालक स्विस, आणि सुरुवात मुंबईत, 1886 ची. त्यांच्या 'सोवार प्रायमा'तला सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या हिंदी सैनिकांच्या हातावर वेस्ट एंडची घड्याळं होती. मग 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला आणि 'जनता' घराघरांत गेलं. आपल्या अकरांत पाच एचएमटीच आहेत. ती कंपनी बंद करायला सरकारनं 2016 च्या जानेवारीत मंजुरी दिली आणि लोकांना अचानक तिची आठवण येऊ लागली. भाव वाढले, तसे रंगही वाढले. काळ्या तबकडीवर 'पायलट' छापायचं आणि 'जनता'च्या केसमध्ये बसवायचं, हा धंदा जोरात आहे.

आता तबकडी मूळची की रंगवलेली हे बघायचं कसं? भिंग हवं, साधं दहापट दाखवणारं चालेल. कारखान्यात अक्षरं ठशानं उमटवलेली असतात. भिंगाखाली शाई किंचित वर उठलेली आणि कडा धारदार दिसते. नंतर रंगवलेलीची अक्षरं पसरलेली, जाड-बारीक. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्यावर येतात का ते बघा. सहाजवळ सेकंदाचं छोटं वर्तुळ असेल तर त्यातल्या कड्या एका मध्याभोवती हव्यात. अगदी खाली, सहाच्या दोन बाजूंना, बारीक अक्षरांत 'स्विस मेड' हवं. रंगवणारे तेच विसरतात, किंवा इतकं वर छापतात की वाचायला भिंगही लागत नाही. तबकडीच्या कडेला कानशीनं घासलेली बारीक खाच दिसली तर छपाईच्या वेळी ती नीट बसावी म्हणून केलेली असते. मागच्या बाजूला दोन पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. पाय कापून डिंकानं चिकटवलेली तबकडी दुसऱ्याच घड्याळाची समजा.

बँकवाल्याला सगळ्यात पटणारी कसोटी म्हणजे ताळमेळ. तबकडीवर 'इन्काब्लॉक' लिहिलंय ना? मग मागचं झाकण उघडल्यावर चक्राच्या खड्यावर वीणेच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग दिसली पाहिजे. धक्क्यापासून बचावाची ही सोय 1930 नंतरची. खाली 'टी स्विस मेड टी' असेल तर तो टी ट्रिशियमचा, आणि ट्रिशियम 1960 नंतर आलं. कोणी ते घड्याळ 1948 चं आहे असं सांगितलं तर हसू दाबून चहा मागवावा.

त्याआधी अंधारात चमकायला रेडियम वापरत. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात, पण त्यात मिसळलेली चमकणारी भुकटी काही दशकांतच जळून जाते. म्हणून जुनं रेडियम आज अंधारात दिसत नाही, तरी ते जिवंत असतं. नोटा तपासायच्या दिव्याखाली धरल्यावर ते जेमतेम प्रकाशतं, आणि दिवा विझला की तेही विझतं. दिवा विझवल्यावरही जे ठिपके लख्ख चमकत राहतात ते अलीकडचे. मात्र असलं घड्याळ घरी उघडू नका, ठिपके खरवडू नका, ती भुकटी पोटात जाणं वाईट.

याच रेडियमपाशी माझी गोष्ट येते.

आज वारंगा फाटा म्हटलं की लोकांना खिचडी आठवते. माझ्या लहानपणी तो नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा एक फाटा होता, चार झाडं आणि एसटीची वाट बघणारी माणसं. वडील जवळच्या शाळेत गुरुजी होते. त्यांच्या हातात सोवार प्रायमा होतं, म्हणून येणारा-जाणारा त्यांनाच विचारायचा, "गुरुजी, किती वाजले?" गाडी आली नाही तर दोष घड्याळाला.

1973 मध्ये मी बँकेत लागलो. वर्षभरात थोडे पैसे जमले. वडिलांच्या घड्याळाची तबकडी पिवळी पडलेली, आणि तिच्यावर दोन तपकिरी डाग होते, एक आखूड, एक लांब. मला त्याची लाज वाटायची. बँकेतले सगळे नवीन घड्याळं घालून फिरत होते. मी वडिलांना न विचारता घड्याळ एका घडीसाजाकडे दिलं. त्यानं तबकडी मुंबईला पाठवली, तीन आठवड्यांनी परत आली. पांढरीशुभ्र, काळी चकचकीत अक्षरं. काटेही बदलले होते. वडिलांनी घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, "छान झालं" म्हणाले आणि मनगटाला बांधलं.

ते गेल्यावर आईनं सांगितलं. 1947 च्या पावसाळ्यात, निजामाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाल्यावर, आमच्या भागातली बरीच कुटुंबं पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेली. तो मुलूख वऱ्हाडातला, निजामाच्या अमलाबाहेरचा. वाटेत लुटले जाऊ या भीतीनं वडिलांनी घड्याळ गाडग्यात घालून गाडगं कणगीच्या तळाशी पुरलं. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान मुक्त झाल्यावर घरी आले तेव्हा कणगी रिकामी, घराचं एक पाखं गेलेलं, पण तळातलं गाडगं तसंच. घड्याळ अर्थातच बंद होतं. वर्षभर काटे एकाच जागी उभे होते आणि काट्यांतल्या रेडियमनं खालच्या तबकडीवर आपली सावली जाळून ठेवली होती. जाणकार याला रेडियमचा डाग म्हणतात. आजही मूळ तबकडीची ती पक्की खूण मानतात, कारण ती रंगवून आणता येते पण सहसा कोणी आणत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे ते दोन डाग आहेत, पण त्यांवर किती वाजले होते हे मला आठवत नाही. आईलाही आठवत नव्हतं. वडिलांना पक्कं ठाऊक असणार. गेल्या महिन्यात नांदेडच्या घडीसाजाकडून तबकडी उतरवून घेतली, मागून-पुढून भिंगाखाली बघितली. रंगवण्याआधी ती धातूपर्यंत घासलेली असते. खाली काही उरलेलं नाही.

म्हणून ज्या सहा घरांना वाईट वाटलं त्यांना सांगतो, तुमची घड्याळं डुप्लिकेट नाहीत. त्या काळी तबकडी रंगवून घेणं म्हणजे भांड्याला कल्हई लावण्यासारखं होतं. फसवायचा हेतू कोणाचाच नव्हता, परदेशातही हेच चालायचं. विकायला काढाल तर किंमत कमी येईल, हे खरं, आणि घेणाऱ्याला आधी सांगायला हवं. पूर्वी चेकवर खोडलं तरी चालायचं, पण खोडलेल्या जागी सही लागायची. मूळची म्हणून विकली तर ती लबाडी. माझ्या भाच्याचं म्हणणं, रंगवलेली तबकडी म्हणजे घड्याळ बाद. मला ते पटत नाही. मशीन तेच आहे, केस तीच आहे, मागच्या झाकणावरचे ओरखडे वडिलांच्या हातचे आहेत. पण ज्यांच्या तबकड्या अजून डागाळलेल्या, पिवळ्या आहेत त्या चार घरांनी कृपा करून त्या चकचकीत करून घेऊ नयेत. दुरुस्तीला द्याल तेव्हा "डायलला हात लावू नका" असं पावतीवर लिहून घ्या. नवीन बसवलीच तर जुनी परत मागा, पाकिटात ठेवा.

वहिनींशी आता बोलणं सुरू झालंय. त्यांच्या सासऱ्यांच्या 'सी किंग'च्या पट्ट्याखाली, केसच्या आतल्या बाजूला, टोकदार काहीतरीनं कोरलेली दोन आद्याक्षरं सापडली. ती त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती.

चिठ्ठ्या लिहून झाल्या. माझ्या घड्याळाखाली अशी आहे: "वेस्ट एंड, सोवार प्रायमा. वारंगा फाटा. 1947-48 मध्ये वर्षभर कणगीत बंद. तबकडी आणि काटे मूळचे नाहीत, 1974 मध्ये मुलानं बदलले." प्रदर्शन रविवारी सकाळी दहाला उघडेल. घड्याळ रोज मिनिटभर मागे पडतं, आदल्या रात्री चावी देऊन ठेवीन.