काट्यापेक्षा चीक घातक
गॅलरीतील कुंडीत बारमाही फुलणारा काटेरी युफोर्बिया मूळचा मादागास्करचा. एरंडाच्या कुळातील हे झुडूप आपल्याकडील शेराचे भाऊबंद. घरातील मंडळी मुलांना काट्यांपासून जपतात. विष मात्र असते ते फांदी वा पान मोडताच पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकात. त्यातील मिलिअमाइन नावाच्या दाहक द्रव्यांमुळे त्वचेची आग होते, फोडही येतात. पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. खरा धोका डोळ्यांना. चीक उडाल्यास बुबुळावरील पारदर्शक पटल सुजून दृष्टी अंधूक होऊ शकते. अशा वेळी डोळा न चोळता किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे. छाटणी करताना हातमोजे व चष्मा हवाच. बोगनवेलीचे काटेही ओरबाडतात, पण तिला असा चीक नसतो.