प्रयोगशाळेत उशिरा आलेला सरडा

गर्भ कसा घडतो आणि त्या घडणीत फेरफार होऊन नव्या जाती कशा निपजतात, या अभ्यासात कोंबडी, बेडूक, उंदीर आणि झेब्राफिश यांची वर्णी केव्हाच लागली होती. सरड्याला मात्र बराच काळ तिष्ठावं लागलं. अखेर मान मिळाला तो कॅरिबियन बेटांवरच्या अ‍ॅनोलला.

या सरड्यांच्या सुमारे चारशे जाती आहेत. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्तो रिको या चारही बेटांवर बुंध्याच्या खालच्या भागात वावरणारे अ‍ॅनोल लांब पायांचे, तर बारीक डहाळ्यांवरचे आखूड पायांचे. गंमत अशी की हे साम्य बहुतांशी वारशाने आलेलं नाही. प्रत्येक बेटावर ते नव्याने उपजलं. हार्वर्डच्या अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९७२ मध्ये अशा प्रकारांना ‘इकोमॉर्फ’ हे नाव दिलं. प्रश्न बेटांनीच मांडून ठेवला होता: पाय सारखे, पण गर्भात ते घडण्याची रीतही सारखीच का?

त्यासाठी आधी गर्भ पाहायला हवेत. २००८ मध्ये थॉम सँगर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनोलच्या गर्भवाढीचे टप्पे नोंदवून दिले. पायांच्या लांबीतला फरक गर्भात फार लवकर पडतो, हे पुढे त्यांच्याच गटाने दाखवलं. २०११ मध्ये हिरव्या अ‍ॅनोलचा जीनोम प्रसिद्ध झाला. पक्षी वगळता सरीसृपांमधला तो पहिलाच.

तरीही जनुकात बदल करणं जमेना. उंदराचं नुकतंच फळलेलं अंडं बाहेर काढून त्यात सुई टोचता येते. अ‍ॅनोलची मादी मात्र नराचे शुक्राणू पोटात दीर्घकाळ साठवून ठेवते, त्यामुळे अंडं नेमकं कधी फळलं हे कळत नाही. आणि ते बाहेर येतं तेव्हा आतला गर्भ आकार घेऊ लागलेला असतो. जॉर्जिया विद्यापीठात डग मेन्के आणि अ‍ॅशली रॅसिस यांनी फळण्याची वाटच पाहिली नाही. मादीला भूल देऊन, पोटाला छोटा छेद घेऊन, अंडाशयातल्या कच्च्या अंड्यांतच क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या साधनाचं द्रावण टोचलं. निशाणा होता रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेजच्या जनुकावर. तपकिरी अ‍ॅनोलच्या अंड्यांतून पांढुरकी, गुलाबीसर पिल्लं निघाली. २०१९ मध्ये जाहीर झालेले हे जनुक-संपादित पहिले सरीसृप.

टायरोसिनेजची निवड नुसत्या रंगासाठी नव्हती. बारकावे टिपणारा डोळ्यातला खळगा, म्हणजे फोविया, माणसाला असतो आणि अ‍ॅनोललाही, उंदराला नसतो. वर्णहीन माणसांत तो नीट घडत नाही. तो का बिघडतो, हे शोधायला उंदीर कुचकामी आहे. तिथे सरडाच हवा.