‘उपेक्षित’ मुलापासून ‘बालका’पर्यंत

मुंबई प्रांताचा बाल अधिनियम १९२४चा. वर्धा ज्यात होता त्या मध्य प्रांताचा १९२८चा. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे १९८६च्या देशव्यापी कायद्याने निराधार मुलाला ‘उपेक्षित’ म्हटले; त्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत, मुलगी १८ पर्यंत. २०००च्या कायद्याने दोघांनाही १८ची मर्यादा दिली आणि ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असे नाव ठेवले.

नावाबरोबर कामही बदलले. जुन्या कायद्यांचा भर संस्थेवर होता. २०१५चा कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. आज वर्धा स्थानकावर एकटे मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. सामाजिक तपासणीला मुदत १५ दिवसांची. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी त्यासाठी मुलाच्या घरी जातो, शेजाऱ्यांशी, शिक्षकांशी बोलतो.

घर गरीब आहे की धोक्याचे, हे त्याला तिथेच ओळखावे लागते. चूक झाली, तर एखादे मूल विनाकारण आईला मुकते किंवा मारझोडीत परत जाते. बाल कायद्यांचा इतिहास लिहिताना आपण अधिनियमांची साले नोंदवतो. हे उंबरठ्यावरचे निर्णयही त्यात नोंदवायला हवेत.