गिरगावची खोताची वाडी आणि आपले सागवान

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर किल्ला येतो, तोफ येते, राजाचे सिंहासन येते. शाळेच्या सहलीही दौलताबादला किंवा रायगडलाच निघतात. ज्या घरांत साध्या माणसांच्या पाच-सहा पिढ्या नांदल्या, त्या घरांना इतिहास म्हणायची सवय आपल्याला लागलेली नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, सुटीत मुंबईला नातेवाइकांकडे जाल तेव्हा अर्धा दिवस गिरगावातील खोताच्या वाडीसाठी राखून ठेवा. पालकांनीही बरोबर असावे. बाजारहाट दुसऱ्या दिवशी होईल.

चर्नी रोड स्थानकावर उतरले की एका बाजूस चौपाटी आणि समुद्र, दुसऱ्या बाजूस गिरगाव. दहा-बारा मिनिटे चाललात की जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून एक अरुंद गल्ली आत वळते. मोटारींचा गोंगाट मागे राहतो आणि दोन्ही हातांना बुटकी, रंगीत, लाकडी घरे दिसू लागतात. पुढे उघडा ओटा, त्याला लाकडी कठडा, वर कौलांचे उतरते छप्पर, मागे थोडे परस. माडीवर जाणारा जिना पुष्कळ घरांना बाहेरूनच आहे. हा जिना मुद्दाम पाहा. खाली एक बिऱ्हाड आणि वर दुसरे अशी सोय त्याने होते; दोन भावांचे संसार वेगळे झाले तरी घर एकच राहते.

वाडी म्हणजे बागाईत जमीन. गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. झाडे गेली, नावे राहिली. खोताच्या वाडीची जमीन पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांची होती आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तिचे तुकडे स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले. खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. कुळांवरील या खोतांच्या जुलमाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते, हे नागपूरकरांना ठाऊक असावे.

ज्यांनी ही घरे बांधली ते लोक कोण? त्यांना ईस्ट इंडियन म्हणतात. नाव ऐकून पुष्कळांची फसगत होते. हे ना पूर्वेकडून आलेले, ना परदेशी. मुंबई, साष्टी, वसई या भागातीलच हे मूळ रहिवासी. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने 1534 मध्ये वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्या राजवटीत यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. पुढे गोव्याचे व मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण येथले जुने, हे कळावे म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतले. त्यांची मायबोली मराठीच. त्यांच्या बायका लुगडे नेसत आणि लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधी होई. उन्हाळ्यात मसाला कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरण्याची रीत अजून आहे. धर्म एक आणि भाषा दुसऱ्यांची, असा प्रश्न मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला अनेकदा विचारला जातो. खोताच्या वाडीतील वृद्धांनाही तो विचारला गेला असेल.

या घरांना सर्रास ‘पोर्तुगीज घरे’ म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुंबई 1661 च्या तहाने इंग्रजांकडे गेली आणि ही वस्ती त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी उभी राहिली. वळण पोर्तुगीज असेल, पण बांधकामाची रीत कोकणातलीच आहे. आपण घरासाठी वापरतो ते शब्दच पाहा ना: दरवाजा आणि जिना फारसी, मजला अरबी, चावी पोर्तुगीज, आणि खांब आपला मराठी. तसेच हे घर.

आता सांगाड्याकडे वळू. लाकडी घरात भार भिंत उचलत नाही, खांब उचलतो. खांब दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला चढत नाही आणि वाळवीची वाट लांबते. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या; याला कडीपाट म्हणतात. वर आढे, वासे आणि कौले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळुरी कौले आली. मंगळूरला बासेल मिशनने त्यांचा कारखाना 1865 मध्ये काढला होता. एखादी फळी किंवा वासा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. सिमेंटच्या छताला ही सवलत नाही.

लाकूड कुजते म्हणून अशी घरे जातात, असे सांगणारे भेटतात. त्यांना मुंबईच्या गोदीची गोष्ट सांगावी. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी 1817 मध्ये मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज तेथे बांधले. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात पाण्यावर उभे आहे. दोनशेहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात टिकणारे लाकूड ओट्याच्या खांबात का टिकू नये? लाकूड टिकते, ते सांभाळणारी माणसे टिकली पाहिजेत. खोताच्या वाडीत एके काळी सुमारे 65 घरे होती, आता तिसाच्याही आत उरली आहेत. वारस चार गावी पांगतात, दुरुस्तीला सुतार मिळत नाही, आणि जमिनीची किंमत घराच्या किमतीच्या कैक पट होते. जेथे भाडेकरू होते तेथे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या दराला बांधून टाकली. गरीब भाडेकरूला त्याने आसरा दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्या भाड्यात कौले शाकारणेही मालकाला जमेना. मग एके दिवशी बिल्डर येतो.

हे सारे मुंबईचे म्हणून आपण सोडून द्यावे, असे नाही. सागवान तर आपल्या घरचे. आलापल्लीची जंगले, बल्लारपूरच्या लाकूड आगारातील लिलाव, हे आपल्या पलीकडच्याच जिल्ह्यांत. 2023 मध्ये दिल्लीला नवे संसद भवन उभे राहिले, त्याचे सागवान नागपूरहून गेले. आणि महालात काय उरले? भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकाम होते. राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि दहा वर्षांनी, 1864 मध्ये, राजवाडा आगीत गेला. राजवाड्याला आगीने नेले, वाड्यांना आपण नेत आहोत. महालात, इतवारीत जुना वाडा पडला की खांब-तुळया वजनावर विकल्या जातात आणि नक्षीचे दरवाजे कोठल्या तरी हॉटेलच्या शोभेला जातात. त्या वाड्यात कोण राहत होते, कोणता धंदा करीत होते, हे कागदावर कोठेच उतरत नाही.

खोताच्या वाडीत जाल तेव्हा ती लोकांची राहती घरे आहेत, हे लक्षात ठेवा. ओट्यावर विचारल्याशिवाय चढू नका, खिडकीतून फोटो काढू नका. सलाम-नमस्कार करून दोन शब्द मराठीत बोललात, तर पुष्कळ दारे आपोआप उघडतील. आणि परत आल्यावर एखाद्या रविवारी टेप व वही घेऊन आपल्याच मोहल्ल्यातील जुन्या घरात जा. कडीपाटाखाली उभे राहून कड्या मोजा, खांबांचे अंतर लिहा, जिन्याचे चित्र काढा. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये आली. घर त्याआधीचे असेल, तर एवढे मोठे खांब कोणत्या जंगलातून आणि कोणाच्या बैलगाड्यांवर आले, ते घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला विचारा आणि सांगतील तसे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.