धरणाची हालचाल आणि मानवी दृष्टि

छत्रपति संभाजीनगराच्या पूर्वेस, जालन्याच्या वाटेवर असलेलें शेंद्रा हें आतां कारखान्यांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांना लागणारें पाणी पैठणच्या नाथसागरांतून येतें. गोदावरीवरील या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें बसविली गेली व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीचा हा बांध पाहणाराला डोंगराप्रमाणें अचल वाटतो. वस्तुतः कोणतीही मोठी वास्तु सर्वथा अचल नसते. मातीचें धरण स्वतःच्या भारानें दबतें; दगडी धरण पाण्याच्या रेट्यानें किंचित् पुढें झुकतें व पाणी ओसरलें म्हणजे मागें येतें. ही हालचाल नेहमीच्या मर्यादेंत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

तें न साधल्यास काय होतें, हें पुणेंकरांनीं १९६१ सालीं अनुभवलें. पानशेतचें नवें मातीचें धरण पहिल्याच पावसाळ्यांत खचूं लागलें. खचलेला भाग साध्या डोळ्यांना दिसला, तेव्हां वाळूचीं पोतीं रचण्यापलीकडे फारसा उपाय उरला नव्हता. जवानांनीं तींही रचलीं. परंतु १२ जुलै रोजीं धरण फुटलें, त्याच दिवशीं खडकवासलाही फुटलें, आणि मुठेकांठचे वाडे व पेठा पाण्याखालीं गेल्या.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणास, जेथें त्याच्या भिंतीचा उतार बदलतो तेथें, आडव्या भेगा पडल्या. मात्र धरण उभें राहिलें. पुढें त्यास कॉंक्रीटचे टेकू देऊन बळकट करण्यांत आलें.

अशा वास्तूंची परीक्षा पूर्वापार ओळंबा, पाणसळ व थिओडोलाइट यांनीं होत आली आहे. माथ्यावर खुणा रोवावयाच्या आणि स्थिर जागेवरून दुर्बिणींतून त्या ठराविक काळानें पाहावयाच्या, ही ती पद्धति होय. परंतु माणूस एका वेळीं एकच खूण पाहतो, आणि भूकंपासारखी क्षणिक हालचाल त्याच्या नजरेंतून निसटते. हें काम आतां कॅमेरा व गणकयंत्र करूं शकतात. समजा, चित्रांत एक मीटर लांबीची पट्टी एक हजार बिंदूंची दिसते. तर खूण एका बिंदूनें सरकली म्हणजे वास्तु एक मिलिमीटर हलली. गणितानें बिंदूचाही अंश काढतां येतो. इंग्लंडांतील हंबर नदीवरील १४१० मीटर गाळ्याच्या झुलत्या पुलाचे हेलकावे याच रीतीनें मोजले गेले; तें संशोधन १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. तथापि उन्हाची झळ व धुकें यांनीं चित्र फसवितें, आणि कॅमेऱ्याचा पायाच हलला तर वास्तु हलल्याचा भास होतो. म्हणून अचल अशी दुसरी खूण त्याच चित्रांत ठेवावी लागते.

आजचा आंकडा एकटा मुका असतो. गतवर्षींच्या उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत तीच खूण कोठें होती, हें ठाऊक असेल तरच तो बोलतो. यास्तव मोजमापांची वही वर्षानुवर्षें न चुकतां भरणें, ती वाचणें, आणि वेगळा आंकडा दिसतांच खालच्या गांवांना वेळेवर सावध करणें हें माणसाचेंच कर्तव्य राहतें.